जग बदलतं, नवरा तोच

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी मी हा विषय काढत नाही. 'त्या चिनी कादंबऱ्यांत एवढं असतं तरी काय, वाचाव्यात का?' असं शाळेतल्या मैत्रिणी जरा जपून विचारतात. थोरल्या जाऊबाई सरळ म्हणतात, "घोव तोच आणि लग्ना धा? ह्या काय वाचतंस गो?"

साचा ठरलेला. नायिका मरते. डोक्यात 'सिस्टीम' नावाचा आवाज येतो आणि तिला एकामागून एक गोष्टींत धाडतो, बहुतेकदा तिथल्या दुय्यम, मार खाणाऱ्या बाईच्या अंगात. त्या बाईची राहिलेली इच्छा पुरी करायची, गुण कमवायचे आणि पुढच्या गोष्टीत, म्हणजे पुढच्या जगात जायचं. प्रत्येक जगात भेटणारा पुरुष नावारूपाने वेगळा, आत्मा मात्र एकच.

यातली खरी गंमत प्रेमात नाही. मी वाचलेल्या एका कादंबरीत राजवाड्याचं जग होतं. मूळ गोष्टीत एक नावडती राणी ऐन थंडीत कोळसा न मिळाल्याने दोन ओळींत मरते. नायिका तिच्या अंगात शिरते, पण राजाला भुलवायला जात नाही. ती कोळशाचा हिशेब मागते. कोठीतून किती टोपल्या निघाल्या, कुणाच्या दालनात उतरल्या, अंगठा कुणाचा. म्हातारी दासी शेजारी बसून बोटांवर मोजते आहे आणि त्या वहीतून अख्खं कारस्थान बाहेर येतं. दोन ओळींच्या बाईला असा न्याय मिळताना पाहिला की रात्रीचा एक वाजतो.

आपल्याकडे दशावतारात हेच तर बघतो. आख्यान सगळ्या गावाला पाठ, संवाद मात्र आयत्या वेळचे. आज हा नट कसा भांडतो, ते बघायला माणसं जत्रेत रात्र जागवतात. पण तिथे राक्षसही आरोळी ठोकत येतो आणि पोटभर बोलून घेतो. या कादंबऱ्यांत समोरच्याला बोलूच देत नाहीत. एका बाईला न्याय द्यायचा म्हणून मूळ गोष्टीतली नायिका ढोंगी ठरवायची, गोड बोलून रडणारी, आणि चारचौघांत तिचा पाणउतारा करायचा. दर जगात तीच, फक्त कपडे नवे. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

पाल्हाळ तर विचारू नका. त्यालाही कारण आहे म्हणा. चीनमधल्या छीद्यान या संकेतस्थळाने २००३ मध्ये वाचकांकडून प्रकरणागणिक पैसे घ्यायला सुरुवात केली आणि तीच रीत पुढे रुळली. दर हजार अक्षरांमागे भाव. मग लेखिका रोज लिहिणार, आणि लांबवणारच. एकदा कोकण रेल्वेने जाताना मोबाइलवर वाचत होते. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, आत रेंज जाते. बाहेर आल्यावर मधली दोन प्रकरणं सोडून पुढे गेले, तरी कथेत माझं काही अडलं नाही.

आणि प्रेम? पहिल्या जगात छान असतं, कारण तेव्हा तो परका असतो. ती चुकते, तो रागावतो, दोघं एकमेकांना चाचपत असतात. चौथ्या जगापर्यंत लेखिका कंटाळलेली असते. तो बघताक्षणी वेडा होतो, संशयी होतो, दाराला कुलूप लावतो, आणि हे सगळं 'किती जीव लावतो' म्हणून खपवलं जातं. शिवाय तिला मागचं सगळं आठवतं, त्याला काहीच नाही. या विषम जोडीत केवढी गोष्ट दडलेली आहे! पण तिथे कुणी थांबत नाही. शेवटी तो कुणी देव निघतो, त्याच्या आत्म्याचे तुकडे झालेले असतात आणि पंधरा-वीस प्रकरणांत सगळं गुंडाळतात.

तर, वाचाव्यात का? तिसऱ्या जगापर्यंत जरूर वाचा. तिथवर आल्यावर मागच्या जगात राहिलेल्या माणसांची नायिकेला एकदा तरी आठवण येते का, बघा. माझ्या त्या कोळशाच्या राणीलासुद्धा पुढच्या पानावर दासी आठवली नाही. ती थेट कॉलेजच्या जगात उतरली आणि मला तिचा राग आला. आठवण येत असेल तर पुढे जा. नसेल तर बंद करा. झॉम्बींचं जग आलं तर मी ते न वाचताच उडवते.