फॉस्फरसच्या मर्यादेवर हरकत लिहिताना: मुळा-मुठा ते उजनी

मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्पांच्या निकषांवर हरकती-सूचना लिहिताना माझा पहिला तास नेहमी जुने कागद लावण्यात जातो. २०१५ च्या केंद्रीय मसुद्यात बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खर्च होतो त्याचं माप) १० आणि एकूण नायट्रोजन १० मिग्रॅ/लिटर होता. १३ ऑक्टोबर २०१७ च्या अंतिम अधिसूचनेत पुण्यासह महानगरांसाठी बीओडी २० झाला, इतरत्र ३०, आणि नायट्रोजन तक्त्यातून गायबच झाला; फॉस्फरसही त्यात नव्हता. ३० एप्रिल २०१९ ला राष्ट्रीय हरित लवादाने कडक निकष परत आणले: बीओडी १०, एकूण नायट्रोजन १०, एकूण फॉस्फरस १.

फॉस्फरसच्या ओळीत मात्र एक कंस आहे: तलाव-तळ्यांत सोडायच्या पाण्यासाठी. पुण्याचं पाणी नदीत जातं, म्हणून ही ओळ आपल्याला लागू नाही, असं उत्तर हमखास येतं. हरकतीचं सगळं वजन इथेच टाकावं. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणात थांबते. साठलेल्या पाण्यात शेवाळ आणि जलपर्णी वाढते ती याच फॉस्फरसवर. शिवाय तळाचा प्राणवायू संपला की गाळात बसलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो. आज सोडलेला किलो पुढची कित्येक वर्षं कामाला येतो.

त्यामुळे मर्यादा नुसती मिग्रॅ/लिटरमध्ये मागू नये, किलो/दिवसात मागावी. हिशेब सोपा आहे: एमएलडी (दररोज दशलक्ष लिटर) गुणिले मिग्रॅ/लिटर म्हणजे किलो/दिवस. १०० एमएलडीचा प्रकल्प ४ मिग्रॅ/लिटरने सोडत असेल तर रोज ४०० किलो. १ वर आणला तर १००. नदीसाठी प्रवाह घनमीटर/सेकंदात घ्या, त्याला मिग्रॅ/लिटरने गुणा आणि आलेल्या आकड्याला ८६.४ ने गुणा. क्षमता वाढवून १५० एमएलडी केली की निकष पाळूनही भार दीडपट होतो. मिग्रॅ/लिटरच्या तक्त्यात हे दिसतच नाही.

सर्वाधिक घोळ होतो एककांत. प्रयोगशाळेचा अहवाल 'फॉस्फेट' म्हणत असेल तर आकडा ३.०७ ने भागल्यावर फॉस्फरस मिळतो, 'नायट्रेट' ४.४३ ने भागल्यावर नायट्रोजन. हे न पाहता दोन अहवालांची तुलना केली की समोरचा पहिल्याच मिनिटात हरकत मोडीत काढतो. दुसरी पळवाट अमोनियाची. हवा भरपूर दिली की अमोनिया घटतो, पण त्याचा नायट्रेट होऊन तो पाण्यातच राहतो. म्हणून केल्डाल नायट्रोजन (अमोनिया आणि सेंद्रिय नायट्रोजन मिळून), नायट्रेट आणि नायट्राइट या तिघांची बेरीज मागा.

नमुन्याची बाटली कपड्याच्या पावडरीने धुऊ नये, पावडरीत फॉस्फेट असू शकतं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन ऊर्ध्वपातित पाण्याने खळबळावी. एकूण फॉस्फरससाठी सल्फ्युरिक आम्लाने सामू (पीएच) २ च्या खाली आणून ४ अंशांवर ठेवावं. विद्राव्य ऑर्थोफॉस्फेट, म्हणजे फक्त विरघळलेलं फॉस्फेट, हवं असेल तर आम्ल घालायचं नाही: जागेवरच ०.४५ मायक्रॉनमधून गाळायचं आणि ४८ तासांत तपासायचं. नदीतला प्राणवायू दुपारी मोजून उपयोग नाही. शेवाळामुळे तेव्हा तो फुगलेला असतो. उजाडण्यापूर्वी मोजा.

खर्चाचा मुद्दा निघणारच. रसायन घालून एक किलो फॉस्फरस गाळात बसवायला तत्त्वतः १.८ किलो लोह लागतं, प्रत्यक्षात दुप्पट धरा. वरच्या उदाहरणात ३०० किलो काढायचे, म्हणजे रोज साधारण टनभर लोह, फेरिक क्लोराइडच्या रूपात. खरी अडचण रसायनापेक्षा वाढलेल्या गाळाची. रसायनाऐवजी जिवाणूंकडून फॉस्फरस काढायच्या जैविक पद्धतीत तो जिवाणूंच्या पोटात असतो. गाळ थिकनरमध्ये (गाळ घट्ट करायच्या टाकीत) हवेविना पडून राहिला तर फॉस्फरस पुन्हा सुटतो आणि गाळाच्या निथळ पाण्यातून प्रकल्पाच्या सुरुवातीलाच परततो. हे परतणारं पाणी बहुतेक अहवालांत मोजलेलंच नसतं.

म्हणून शेवटची मागणी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातल्या अटीची असावी: २४ तासांचा संमिश्र नमुना (दिवसभर थोडं थोडं घेऊन एकत्र केलेलं पाणी), मासिक सरासरी किलो/दिवसात, आणि निथळ पाण्याचा फॉस्फरस वेगळ्या रकान्यात.