एक 18 कोडमध्ये किती ठिकाणी असतो

मामाच्या दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर मीच लिहून दिलंय, पायथनमध्ये, छोटंसंच आहे. तेव्हा जीएसटीचा दर थेट कोडमध्येच टाकला, म्हणजे हार्डकोड केला, म्हटलं रोज रोज कोण बदलतंय. मग आला 22 सप्टेंबर 2025, घटस्थापना, त्या दिवसापासून टूथपेस्ट, साबण, शांपू सगळं 18 वरून 5 टक्क्यांवर. आदल्या रात्री फाइंड-रिप्लेस मारलं, 18 च्या जागी 5, आणि झोपलो.

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मामाचा फोन, "अरे बिलावर नुसतं टूथपे येतंय, आणि लहान साबण कुठला मोठा कुठला तेच कळत नाही." बिलावर वस्तूचं नाव 18 अक्षरांवर कापायचं असं लिहिलेलं होतं, तेही 5 झालं!

हे निदान डोळ्यांना दिसलं तरी. एमआरपीतून मूळ किंमत काढायला 1.18 ने भागायचो, त्याचं झालं 1.5, म्हणजे 118 रुपयांच्या वस्तूची मूळ किंमत 112.38 यायला हवी तिथे 78.67. सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा अर्धा-अर्धा वाटा, त्यांचे 9-9 तसेच राहिले कारण त्यांच्यात 18 कुठे दिसतच नाही. आणि कपड्यांची पावडर तर 18 टक्क्यांवरच आहे, तिलाही 5 लागला.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो, जे दिसेल ते पॅरामीटर, म्हणजे हिशेब करणाऱ्या फंक्शनला दर वेळी बाहेरून द्यायचं. फंक्शन कॉल झाला रक्कम, 18, 2, ट्रू, फॉल्स, ट्रू, आणि आठ दिवसांनी त्यातलं तिसरं काय आणि पाचवं काय हे मलाच वर जाऊन बघावं लागायचं. त्यात दराला डिफॉल्ट, म्हणजे काही दिलं नाही तर आपोआप लागणारा, 18 देऊन ठेवलेला, एका कॉलमध्ये दर द्यायचा राहिला तर काहीही एरर न येता गुपचूप 18 लागत होता. माझ्या मते हे हार्डकोडपेक्षा वाईट, कारण वरून कोड स्वच्छ दिसतो.

आता मी एकच बघतो, हा आकडा ठरवतं कोण. दर जीएसटी कौन्सिल ठरवते म्हणजे तो बाहेरून यायला हवा, आणि डिफॉल्ट अजिबात नाही, राहिला तर प्रोग्रॅम तिथेच थांबू दे. टक्केवारीतले 100 कोणी बदलणार नाही, ते खुशाल आत राहू देत. नावाची रुंदी प्रिंटरवर अवलंबून, तिला वर एक नाव देऊन कॉन्स्टंट केलं की पुरे, प्रत्येक फंक्शनमधून फिरवत बसायची गरज नाही.

तरी एक राहिलंच होतं. 24 तारखेला एक बाई 19 तारखेला नेलेला शांपू परत घेऊन आल्या, त्यांच्या बिलावर 18 टक्के, म्हणजे परताव्यालाही 18 च लागणार. म्हणून आता ते फंक्शन दर मागतच नाही, वस्तू आणि मूळ बिलाची तारीख मागतं, आणि दर तक्त्यातून स्वतः शोधतं.