ऑक्टोबरात बजेट कोण वाचतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न साधारण असा असतो: "काकू, महापालिकेचं बजेट फेब्रुवारीत येतं, दोन दिवस पेपरात गाजतं, संपतं. तुम्ही ऑक्टोबरात ते पुन्हा काढून काय बघता?" विचारणारे बहुतेक आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीतले, किंवा संध्याकाळी बागेत फेऱ्या मारताना भेटणारे. एकांनी तर वर टोमणाही मारला, की तुमचं घर पाचशे फुटांच्या आतलं, मालमत्ता कर शून्य, मग हिशेब कशाच्या जोरावर मागता? घर माझं खरंच ४८० चौरस फुटांचं आहे. ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून करमाफी आहे, त्यात मी बसते. पण पाण्याचं बिल भरते, आणि जुलैत खड्डे चुकवत स्टेशनला जाते ती मीच. एवढा जोर मला पुरतो.

ऑक्टोबरच का, ते आधी. १ ऑक्टोबरची एक मोजणी मुंबईत सगळ्यांना ठाऊक असते. ऊर्ध्व वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांत मिळून त्या दिवशी १४,४७,३६३ दशलक्ष लिटर पाणी असलं की वर्ष सुटलं. शहराला दिवसाला साधारण ३,९०० दशलक्ष लिटर लागतं. भागाकार करून बघा, जेमतेम वर्षभराचं निघतं. कमी भरलं तर पाणीकपातीची चर्चा तेव्हाच सुरू होते, मे महिन्याची वाट कुणी बघत नाही. आर्थिक वर्षाचा पहिला अर्धा भाग ३० सप्टेंबरला संपतो, म्हणजे पैशाचा तलाव मोजायची तारीखही तीच. पाण्याचा आकडा आमच्या दूधवाल्यालाही तोंडपाठ असतो, पैशाचा मात्र कुणी विचारत नाही, याचं मला कायम नवल वाटतं.

मी भांडुपच्या एका कारखान्यात तीस वर्षं हिशेब लिहिला. तरी सहामाही आकडा कसा फसवतो, हे मला शिकवलं ते सोसायटीच्या खजिनदारकीने. एका वर्षी आम्ही मे महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं. ठेकेदार आपल्या गावी गेला, बिल काही पाठवलं नाही. सप्टेंबरअखेरचा हिशेब मी कमिटीपुढे ठेवला, त्यात दुरुस्ती खर्च शून्य. तिसऱ्या मजल्यावरचे काका खूश झाले. "वा, पैसे वाचले की! या वर्षी दिवाळीला रोषणाई जरा जोरात करू." केली. नोव्हेंबरात ठेकेदार बिल घेऊन उगवला. चूक माझीच होती. काम झालंय, देणं डोक्यावर आहे, हे मला माहीत होतं, पण कागद हातात नाही म्हणून मी ते लिहिलंच नव्हतं. इतकी वर्षं नोकरीत जे कधी केलं नाही, ते घरच्या घरी केलं.

तेव्हापासून महापालिकेच्या खर्चाचा आकडा बघताना माझा पहिला प्रश्न असतो: काम झालंय आणि बिल यायचंय, की कामच झालेलं नाही? दोन्हीकडे आकडा सारखाच कमी दिसतो. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात एखादी बातमी येते, की सहा महिन्यांत भांडवली खर्च, म्हणजे रस्ते-पूल अशा मोठ्या कामांवरचा, अमुकच टक्के. लोक म्हणतात, बघा, झोपलेत. झोपलेले असतीलही. पण नुसत्या टक्क्यावरून ते कळत नाही.

रस्त्यांचंच घ्या. पावसाळ्यासाठी ३१ मेपर्यंत खोदकाम आवरायचं असतं आणि काँक्रीटचं काम परत सुरू होतं ते ऑक्टोबरात. म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांतले चार पावसाने खाल्लेले. रस्ते खात्याचा सहामाही खर्च पन्नास टक्के दिसला तर उलट मला शंका येईल. तिथे मी निविदा उघडल्या का, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी हुकूम) निघाले का, एवढंच बघते. सप्टेंबरअखेर कार्यादेश नसेल तर तो रस्ता पुढच्या मेपर्यंत होत नाही, हे मुलुंडमध्ये राहून कळायला अर्थसंकल्प वाचावा लागत नाही म्हणा. नाल्यांचं बरोबर उलट. गाळ काढायचं मोठं काम पावसाआधी, थोडं पावसाळ्यात आणि थोडं नंतर. मार्चच्या आसपास सुरू होऊन मेअखेर बहुतेक उरकतं, म्हणजे एकच काम दोन आर्थिक वर्षांवर पाय ठेवून उभं असतं. या खात्यात सप्टेंबरपर्यंत खर्च पडलेलाच नसेल, तर बिलं अडली आहेत की गाळ नाल्यातच आहे, हे विचारायला हवं.

आस्थापना खर्च, म्हणजे मुख्यतः पगाराचा, पन्नास टक्क्यांच्या खाली दिसला की काही जण त्याला बचत म्हणतात. अहो, दिवाळीचं सानुग्रह अनुदान, म्हणजे बोनस, राहिलंय की! २०२४ला २९ हजार आणि २०२५ला ३१ हजार रुपये प्रत्येक कर्मचाऱ्यामागे जाहीर झाले होते. ते वर्षाच्या दुसऱ्या अर्ध्यात पडतात.

मग कमी आकडा बघून छातीत धस्स व्हावं अशी जागा कुठली? माझ्या मते शाळांची. महापालिकेच्या शाळेतल्या मुलांना गणवेश, दप्तर, वह्या, रेनकोट धरून २७ वस्तू मोफत मिळतात. शाळा जूनमध्ये उघडते. तो खर्च सप्टेंबरअखेर रेंगाळलेला दिसला, तर मी एवढंच विचारते, की रेनकोट मुलांच्या हातात कधी पडला? ऑक्टोबरात मिळालेला रेनकोट मार्चअखेरच्या हिशेबात शंभर टक्के खर्च म्हणून नीट बसतो. हिशेबाला पाऊस कळत नाही. रुग्णालयांच्या औषधांचंही तसंच. आजार काही तिमाही बघून येत नाहीत, तिथे खर्च दर महिन्याला थोडाथोडा दिसलाच पाहिजे.

जमेकडे मी कमी वेळ घालवते, कारण सगळ्यात मोठा आकडा आता घड्याळासारखा चालतो. पूर्वी तसं नव्हतं. आमच्या मुलुंड नाक्यावर ट्रकांची रांग लागायची आणि जकात रोजच्या रोज जमा व्हायची. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, बदल्यात राज्य सरकारकडून दरमहा नुकसानभरपाई सुरू झाली. पहिला धनादेश ६४७ कोटींचा होता. कायद्यात वर्षाला ८ टक्के वाढ आहे. एका दुपारी मी वहीत ६४७ला १२ने गुणून आठ वर्षांची वाढ चढवली, तर १४,३०० कोटींच्या वर गेलं, आणि २०२५-२६च्या अर्थसंकल्पात या शीर्षाखाली १४,३९८ कोटी धरलेले. इतका आनंद झाला की मी चहा पुन्हा टाकला. (घरी कुणाला सांगायची सोय नव्हती.) तर ही रक्कम सप्टेंबरअखेर अर्धी यायलाच हवी, बघायचं आणि पान उलटायचं.

मालमत्ता कराचं तसं नाही. २०२३-२४ आठवतंय? भांडवली मूल्याच्या (ज्यावर कर बसतो त्या घराच्या किमतीच्या) नियमांविरुद्ध न्यायालयाचा निकाल गेला, बिलं महिनोन्‌महिने निघालीच नाहीत. ऑक्टोबरात वसुलीचा आकडा बघून कुणालाही चक्कर आली असती. अर्थसंकल्पात ६,००० कोटी धरले होते, सुधारित अंदाजात ते ४,५०० कोटींवर आले, आणि भरायची मुदत थेट २५ मे २०२४पर्यंत गेली, म्हणजे वर्ष संपल्यावरही. लोक कर बुडवत होते असं नाही, त्यांना बिलच मिळालं नव्हतं. जमेच्या बाजूलाही "बिल गेलं का?" हाच प्रश्न निघाला, याची मला गंमत वाटते.

आता खरं दुखणं सांगते. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात तीन रकाने महत्त्वाचे. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष. मधला रकाना म्हणजे वर्षाच्या मध्ये काय काय हललं त्याचा जबाब, पण तो छापून हातात पडतो वर्ष संपत आल्यावर, पुढच्या बजेटच्या गडबडीत. २०२४-२५चा अर्थसंकल्प ५९,९५४ कोटींचा होता. सुधारित अंदाज झाला ६५,१८० कोटी. वाढ ५,२०० कोटींच्या पुढे. त्याच दिवशी पुढच्या वर्षाचे ७४,४२७ कोटी जाहीर झाले, सगळ्या बातम्या त्या मोठ्या आकड्याच्या, आणि मधले पाच हजार कोटी कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. यात काही काळंबेरं आहे असं मी म्हणत नाही. मध्येच तरतूद वाढवायची, एका शीर्षाची दुसरीकडे वळवायची सोय कायद्यात आहे आणि एवढ्या शहराला ती लागतेच. पण कुठलं वाढलं आणि कुणाचं कापून वाढलं, हे विचारायचं तर ऑक्टोबरात. फेब्रुवारीत पैसे गेलेले असतात आणि खात्यांनी पुढच्या वर्षाच्या मागण्याही देऊन टाकलेल्या असतात.

उलटंही घडलेलं आहे. २०१६-१७चा अर्थसंकल्प ३७,०५२ कोटींचा होता, त्याच्या पुढच्या वर्षी तो २५,१४१ कोटींवर आणला गेला. प्रत्यक्षात होत नाहीत ते फुगवटे काढून टाकले, असं कारण दिलं गेलं. माझ्या मते मुंबईच्या अलीकडच्या अर्थसंकल्पांतलं ते सगळ्यात प्रामाणिक पान. सहामाही आकडे आधीच्या वर्षांत कुणी नीट वाचले असते, तर एकदम बारा हजार कोटी खाली उतरायची वेळ आली नसती. आता पुन्हा चढणच आहे. २०२५-२६मध्ये ५८ टक्के रक्कम भांडवली कामांसाठी. ठेवी ऐंशी हजार कोटींच्या घरात आहेत म्हणून लोक निर्धास्त असतात, पण चालू आणि मंजूर कामांचं दायित्व, म्हणजे पुढे चुकवायचं देणं, २०२५च्या सुरुवातीलाच दोन लाख कोटींच्या पुढे सांगितलं जात होतं. मला आमचा ठेकेदार आठवतो.

हे सगळं विचारायचं काम खरं तर नगरसेवकांचं, आणि त्यांच्यातली जी स्थायी समिती पैशाचे प्रस्ताव तपासते तिचं. पण ७ मार्च २०२२ला मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं सभागृह रिकामं. प्रशासकच अर्थसंकल्प मांडणार आणि प्रशासकच मंजूर करणार. मी ऑक्टोबरात वही काढायला लागले ती त्या वर्षापासून. मुंबईला हे नवीन नाही. पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी १८६५पासून कामं दणक्यात केली, खर्चही दणक्यात झाला, १८७१ला करदाते खवळले. तरुण फिरोजशहा मेहतांनी तेव्हा क्रॉफर्ड यांच्या कामाची बाजू घेतली, आणि सांगितलं की उपाय हवा तो निवडून आलेल्या प्रतिनिधींचा. १८७२च्या कायद्याने ते आले. मेहतांचा पुतळा आज मुख्यालयासमोर उभा आहे. समोरचं सभागृह बंद असताना त्यांना काय वाटत असेल, असं मी सीएसएमटीला उतरले की मनात यायचं.

त्या वर्षांत मी माहिती अधिकारात अर्ज केले. दहा रुपयांचं शुल्क, तीस दिवसांची मुदत, प्रतीला पानामागे दोन रुपये. एका कार्यालयाने कळवलं, माहिती संकेतस्थळावर आहे. संकेतस्थळावर होतं ते फेब्रुवारीचं पुस्तक. मी परत लिहिलं, की मला ३० सप्टेंबर हवाय. दुसऱ्या एका कार्यालयातल्या लिपिकबाईंनी मात्र फोन करून विचारलं, "तुम्हाला खर्च हवाय की दायित्वासकट?" त्या बाईंना मी आजही मनातल्या मनात नमस्कार करते.

१५ जानेवारी २०२६ला निवडणूक झाली. २२७ नगरसेवक आले. नव्याने निवडून आलेल्या एका नगरसेविकेकडे मी माझी चार वर्षांची वही घेऊन गेले. पोरगी हुशार वाटली, ऐकून घेतलं, रेनकोटचं तर लिहूनही घेतलं. उठताना म्हणाली, "काकू, हे सगळं एका पानात द्याल का? आणि किती टक्के खर्च झाला, ते वरच ठळक लिहा."

पान तयार केलंय. पहिला रकाना कामाचा, दुसरा कार्यादेशाचा, तिसरा बिलाचा. टक्के लिहिलेत, पण सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात.