दादाचे श्वास

व्यसनमुक्ती केंद्रात काउन्सेलर म्हणून ९ वर्षं झाली, त्यामुळे केस पेपरवरची पहिली चार वाक्यं मी आता न ऐकताच लिहू शकते. मुलगा हुशार होता मॅडम, संगत वाईट लागली, आत्ता ६ महिन्यांपासूनच आहे, आम्हाला काहीच पत्ता नव्हता. आईवडील खोटं बोलतात असं नाही, त्यांना कळलं तिथून ते मोजायला लागतात, एवढंच.

त्या दिवशीचा मुलगा १७ वर्षांचा. अंग चोरून बसलेला, एकामागून एक जांभया, नाक गळतंय, हातावर काटा आणि पाय काही केल्या एका जागी ठरेनात. बघणाऱ्याला वाटावं सर्दी झालीये. पण ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, बंद होऊन एक दिवस गेला की असंच दिसतं. आई बोलत होती, वडील भिंतीकडे बघत होते. सोबत धाकटी बहीण, १२ वर्षांची, घरी एकटी कुठे ठेवणार म्हणून आणलेली, मांडीवर दप्तर घेऊन दाराजवळ बसलेली. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, माझंही नव्हतं, खोटं कशाला सांगू.

डॉक्टरांनी त्याला तपासायला आत नेलं, आईवडील सह्या करायला गेले आणि खोलीत आम्ही दोघीच. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, कितवीत गं तू? तर म्हणाली, "६ महिने नाही, दीड वर्ष झालं."

मग तिने दप्तरातून विज्ञानाची वही काढली. मागच्या पानांवर तारखा आणि त्यांच्यापुढे आकडे, १६, १४, १५, मधेच एक ९. मला काही टोटलच लागेना. म्हटलं हे काय, मार्क?

"दादाचे श्वास. एका मिनिटाचे."

शाळेत कृती दिली होती म्हणे, घरातल्यांचे श्वास मोजून लिहा. त्यात तिला कळलं की मोठा माणूस बसल्याजागी मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. भाऊ-बहीण एकाच खोलीत झोपायचे, आणि काही रात्री दादाचं घोरणं वेगळंच असायचं, घरघर, मग बराच वेळ काहीच नाही. तेव्हापासून आईबाबा झोपले की ही उठून बसायची. मोबाइलच्या अंधुक उजेडात त्याची पापणी उचलून बघायची, कारण अंधारात बाहुली मोठी व्हायला हवी आणि त्याची असायची टाचणीच्या टोकाएवढी. तशी दिसली की ती रात्र जागून काढायची. बारीक बाहुल्या, मंद श्वास, हाक मारून न उठणं, ओव्हरडोसची ही लक्षणं आम्ही ट्रेनिंगला आलेल्या नर्सिंगच्या मुलींकडून पाठ करून घेतो, आणि या पोरीने ती भावाच्या उशाशी बसून शोधून काढली होती.

९ आले त्या रात्री काय केलंस?

"तोंडावर पाणी मारलं. उठला, मला शिवी दिली, परत झोपला. मग सकाळपर्यंत मी चिमटे काढत बसले."

कुणाला सांगितलं नाही कारण त्याने शपथ घातली होती. सुरुवात खोकल्याच्या औषधाने, कोडीनवालं, तेही अफूच्याच जातीचं, बाटलीच्या बाटली तोंडाला. मग ब्राउन शुगरची पावडर, फॉइलवर तापवून धूर ओढायचा. घरातली फॉइल भराभर संपायला लागली तेव्हा आई हिलाच ओरडली, डब्याला किती गुंडाळतेस म्हणून. वर्गात डुलक्या घेते अशी तक्रार आली तेव्हाही हिलाच बोलणी, रात्रभर मोबाइल बघते. मोबाइल हातात असायचाच म्हणा.

मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून या वयात लागलेलं व्यसन लवकर घट्ट बसतं, हे मी रोज चित्र दाखवून पालकांना समजावते. त्या चित्रात शेजारच्या गादीवर जागं असलेलं पोर कुठेच नसतं. ९ वर्षांत मी किती भावंडांना नुसतं कितवीत आहेस विचारून सोडून दिलं असेल, मोजायची हिंमत नाही.

आईबाबांना सांगावं लागेल म्हटल्यावर तिने वही आधी छातीशी धरली आणि मग स्वतःच टेबलावर ठेवली.

आई रडायलाच लागली. वडील पान उलटायचे, परत मागे यायचे, ९ वर बोट ठेवून थांबले. पण पुढचं मला सांगणं भागच होतं, कारण खरा धोका डिस्चार्जनंतर असतो. काही आठवडे बंद राहिलं की शरीराची सवय मोडते, आणि मुलगा घसरलाच तर जुन्या अंदाजाने तेवढंच घेतो आणि तेवढ्यानेच जातो. डॉक्टरांना विचारून नॅलोक्सोन, म्हणजे ओव्हरडोस उतरवणारं औषध, घरात ठेवा, पण ते दिल्यावर शुद्धीवर आला म्हणून घरी बसू नका, त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि श्वास परत मंदावू शकतो, हॉस्पिटल गाठायचंच.

कोपऱ्यातून आवाज आला, "म्हणजे तो घरी आल्यावर पण मोजायचं?"

मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात वडील, जे सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते, त्यांनी वही तिच्याकडे सरकवली आणि विचारलं, "कसं मोजतेस? मला दाखव."

"छातीकडे नाही बघायचं बाबा, पोटाकडे," ती म्हणाली. "पोट वर गेलं की एक."