ओव्हरकोट घेताय? आधी आतलं लेबल वाचा

आज जर्मनीला निघालेल्या भाच्याबरोबर कोट बघताना पुन्हा तेच दिसलं: सगळे रंगावर भाळतात, लेबल कुणी उलटून बघत नाही. लोकर 70-80 टक्के तरी हवी. उरलेलं नायलॉन असेल तर हरकत नाही, कापड टिकतं. पॉलिएस्टर निम्म्याच्या वर गेलं की कोट नुसता जाड दिसतो, ऊब बेताचीच.

ट्रायल अंगात स्वेटर घालूनच घ्या. बटणं लावा, दोन्ही हात पुढे करा. पाठीवर कापड ताणलं तर एक साइज वर. बाही, लांबी टेलर कमी करून देतो. खांदा मात्र उसवून बसवणं म्हणजे कोट जवळपास नव्याने शिवणं, म्हणून तिथे तडजोड नको. कॅमल रंग देखणा खरा, पण ट्रेनच्या गर्दीत लगेच मळतो. नेव्ही किंवा चारकोल बरा.

आणि हो, मागच्या कटवर फुलीसारखा टाका असतो ना, तो फक्त दुकानात पोचेपर्यंत घडी नीट राहावी म्हणून. कापून टाका! बाहीवर बाहेरून टाचलेलं ब्रँडचं लेबलसुद्धा. कित्येकजण दोन्ही मिरवत फिरतात.

उन्हाळ्यात ठेवताना आधी ड्रायक्लीन, मग रुंद हँगरवर, कापडी कव्हरमध्ये. मळक्या लोकरीला कसर लवकर लागते.