आधी प्रॉपेलर, मग मोटर, ईएससी सगळ्यात शेवटी

साताऱ्या-सांगलीकडे सनबोर्डची (हलक्या फोमच्या पुठ्ठ्याची) रिमोटवर उडणारी विमाने करणारी बरीच मुले २२१२ मोटर (हा आकडा मोटरच्या आकाराचा) आणि ३० अँपिअरचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, असा सेट मागवतात आणि त्यावर हाताशी असेल तो प्रॉपेलर लावतात. हा क्रम उलटा आहे. एकाच मोटरला, एकाच बॅटरीवर किती करंट लागेल हे प्रॉपेलर ठरवतो. ईएससीवरचा ३० हा आकडा फक्त सोसण्याची मर्यादा सांगतो, तीही त्याला वारा लागत असेल तर.

सुरुवात वजनापासून करा. बॅटरीसकट ९०० ग्रॅमचे शिकाऊ विमान असेल, तर किलोमागे १५० वॅटच्या हिशेबाने सुमारे १३५ वॅट हवेत. थ्री-एस लायपो, म्हणजे तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी, भाराखाली ११ व्होल्टच्या आसपास राहते, म्हणजे साधारण १२ अँपिअर. कसरती करायच्या असतील तर किलोमागे २५० वॅट धरा.

आता केव्ही म्हणजे भार नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे. १००० केव्हीची मोटर ११ व्होल्टवर मोकळी मिनिटाला ११,००० फेरे घेईल, पण प्रॉपेलर लावल्यावर त्याच्या पाऊण पट, म्हणजे साडेआठ हजारांच्या आतबाहेर. पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रॉपेलर हिशेबाने जेवढा पुढे सरकतो ते अंतर. साडेचार इंच पिचला हे ताशी ५८ किलोमीटर होतात. विमान ज्या वेगाला स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचल सुटून खाली पडू लागते, त्याच्या निदान दुप्पट हा आकडा हवा, नाहीतर प्रॉपेलर नुसता घोंघावतो आणि विमान चढत नाही.

व्यासाकडे मात्र नीट लक्ष द्या. फेरे तेच ठेवले तर लागणारी शक्ती व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. ९ इंचाच्या जागी १० इंच लावला की भार दीडपट! प्रत्यक्षात फेरे थोडे पडतात, म्हणून वाढ जरा कमी दिसते. तरीही १००० केव्हीच्या २२१२ वर थ्री-एसला ९×४.५ (व्यास ९ इंच, पिच ४.५ इंच) हा १० ते १२ अँपिअर घेतो, तर १०×४.५ हा पंधराच्या पुढे सरकतो. या मोटरच्या माहितीपत्रकात बहुधा १२ अँपिअर, ६० सेकंद असे असते. म्हणून ९ इंचच घ्या. २२०० केव्हीची मोटर दिसायला हुबेहूब तशीच असते, पण तिला थ्री-एसवर ६ इंचाच्या वर जाऊ देऊ नका. तिच्यावर ९ इंच चढवला तर मोटर किंवा ईएससी, दोहोंपैकी एक जळणारच.

स्लो फ्लाय (संथ उडणाऱ्या विमानांसाठीच्या) जातीच्या पातळ पात्यांना फेऱ्यांची मर्यादा असते. एपीसी कंपनी त्यांच्यासाठी ६५,००० भागिले इंचांतला व्यास असे गणित देते. म्हणजे १० इंचाला जेमतेम ६,५०० फेरे. वरच्या जोडीत ते सहज ओलांडले जातात. पाती वाकतात, फडफडतात, क्वचित मुळाशी तुटून उडतात. जास्त फेऱ्यांना इलेक्ट्रिक जातीचा जाड प्रॉपेलरच लावा.

१२ अँपिअरला २० चा ईएससी पुरतो. ३० चा घेतला तर थोडे वजन वाढेल, नुकसान काही नाही. खरी काळजी त्यातल्या बीईसीची, म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज कमी करून रिसिव्हर आणि सर्व्होंना (विमानाचे पंखे-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरींना) वीज पुरवणाऱ्या भागाची. लिनियर बीईसी १२.६ व्होल्टचे ५ करताना उरलेले सगळे उष्णतेत घालवतो. सर्व्हो मिळून १ अँपिअर घेत असतील तर साडेसात वॅट. सनबोर्डच्या बंद पोटात तो तापून बंद पडला की रिसिव्हर (रिमोटचे संदेश घेणारा भाग) बंद होतो आणि विमान हातचे जाते. त्यामुळे पुढे हवा आत घेणारे आणि मागे त्याहून मोठे बाहेर सोडणारे छिद्र ठेवाच. फोर-एसवर (चार सेलच्या बॅटरीवर) वेगळा स्विचिंग बीईसी लावा, तो कमी तापतो. वायर कमी पडली तर मोटरकडच्या तीन वाढवा, बॅटरीकडच्या नको. तिथली लांबी ईएससीतल्या कपॅसिटरवर ताण आणते.

थ्रॉटल कॅलिब्रेट करताना, म्हणजे रिमोटच्या वेगाच्या दांडीची किमान-कमाल जागा ईएससीला शिकवताना, प्रॉपेलर काढलेला असू द्या. मग तो बसवून, विमान पक्के बांधून, बॅटरी आणि ईएससी यांच्यामध्ये वॅटमीटर (व्होल्ट, करंट आणि वॅट दाखवणारे यंत्र) जोडा. भरलेल्या बॅटरीवर दहा सेकंद पूर्ण थ्रॉटल. करंट मर्यादेत हवा आणि व्होल्ट दहाच्या खाली जायला नकोत. गेले तर बॅटरी थकली आहे, तिच्यावरचे सी रेटिंग (ती किती करंट देऊ शकते याचा छापील आकडा) काहीही असो. हवेत करंट थोडा उतरतो, पण हिशेब जमिनीवरचाच धरा. मोटर सुरू होताना नुसती थरथरत असेल तर थ्रॉटल वाढवू नका. एखादा बुलेट कनेक्टर (मोटरच्या वायरीचा गोल जोड) सैल असतो किंवा सोल्डर सुटलेले असते, आणि तशीच रेटली तर ईएससी जातो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट. सातारा ७०० मीटरच्या आसपास असल्याने हवा मुळात सहा-सात टक्के विरळ. एप्रिल-मेच्या दुपारी चाळिशीला पारा टेकला की प्रमाण हवेच्या (समुद्रसपाटीवरच्या १५ अंशांच्या हवेच्या) तुलनेत तूट पंधरा टक्क्यांच्या घरात जाते. माहितीपत्रकातला थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) मिळत नाही, म्हणून मोठा प्रॉपेलर लावायचा मोह होतो. उन्हाळ्यात अशी काठावर बसवलेली जोडी डिसेंबरच्या गार, दाट हवेत मर्यादेबाहेर करंट ओढू लागते. थंडीत पहिल्या उड्डाणाआधी वॅटमीटर पुन्हा लावा.