माईआत्याची हनुवटी

माईआत्याचा एकही धड फोटो घरात नाही, हे ती गेल्यावर बाराव्या दिवशी आमच्या लक्षात आलं. तशी फोटोंची टंचाई नव्हती. घरात माणसं अकरा आणि फोन चौदा. पण प्रत्येक फोटोत ती कडेला, पाठमोरी, नाहीतर कुणाच्या तरी खांद्यामागून अर्धी. फोन रोखलेला दिसला की पदर तोंडावर घ्यायची आणि म्हणायची, "माझा कशाला काढतीस गं, पोरांचा काढ." पोरांचे निघाले. चिकार निघाले. एकाच केकसमोर एकाच पोराचे सदतीस.

दादाला, म्हणजे तिच्या मोठ्या मुलाला, भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता. चाळता चाळता माझ्याच फोनमध्ये एक सापडला. भाचीच्या साखरपुड्यातला, सिंहगड रस्त्यावरच्या एका कार्यालयात मी काढलेला. आत्या पंगतीत बसलीय, हिरवं लुगडं, समोर ताट, पदर खाली, चेहऱ्यावर हसू. सगळं जागच्या जागी. ताटातल्या जिलबीच्या कडासुद्धा मोजता येतात. फक्त चेहरा हललाय.

आपण मराठीत 'फोटो हलला' म्हणतो, हे मला फार सोयीचं वाटतं. कप फुटला, दूध उतू गेलं, फोटो हलला. कुणी हलवला याची चौकशीच नाही. मी मात्र पहिल्या दिवसापासून वाढप्याला दोषी धरलं होतं. त्यानं मागून 'आजी, मठ्ठा?' असं विचारलं असणार आणि आत्यानं मान वळवली असणार. मठ्ठ्यासाठी ती कुठेही मान वळवायची.

आता कार्यालयातला उजेड म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको. स्टेजवर डोळे दिपतील इतके दिवे आणि पंगतीत दोन ट्यूबलाइट. अशा उजेडात फोन आपली झडप जास्त वेळ उघडी ठेवतो, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग म्हणा. विसावा भाग म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? पण मान सेकंदाला वीस सेंटीमीटर वेगानं वळली, आणि ही काही झटक्यानं वळवलेली मान नव्हे, तर तेवढ्या वेळात चेहरा एक सेंटीमीटर सरकतो. डोळ्याचं बुबुळ असतं साधारण बारा मिलिमीटरचं. म्हणजे बुबुळ जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतकं फरफटलं. फोनच्या जाहिरातीत ज्या स्थिरीकरणाचं कौतुक असतं, ते आपला हात थरथरला तर सावरून घेतं. समोरच्या म्हातारीला मठ्ठा हवा झाला तर ते काय करणार?

१८३८ साली लुई दागेरनं पॅरिसमधल्या एका रस्त्याचा फोटो काढला. तो काढायला काही मिनिटं लागली. रस्ता गजबजलेला होता, पण चालणारी माणसं, घोडागाड्या, कुणीकुणी त्यात उमटलं नाही. उमटला तो एक बूट पॉलिश करून घेणारा गृहस्थ, कारण तो एका जागी उभा होता. माणसाच्या पहिल्या फोटोंपैकी एक म्हणून तो ओळखला जातो. असाच फोटो शनिवारी संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर काढला तर फक्त साडीच्या दुकानाबाहेर पिशव्या धरून उभे असलेले नवरे उमटतील.

असो. घरात उपायांची कमतरता नव्हती. वहिनीनं कुठलंसं अ‍ॅप उतरवलं. त्याच्या जाहिरातीत धुरकट फोटोवरून एक पांढरी रेघ सरकते आणि मागे लख्ख चेहरा राहतो. आम्ही आत्याचा फोटो त्यात घातला, रेघ सरकली, आणि हिरव्या लुगड्यात एक अनोळखी बाई आमच्याकडे बघून हसू लागली.

बाई चांगली होती, म्हणजे चेहऱ्यावरून तरी. दादा म्हणाला, "ही कोण? बँकेत हेड क्लार्क होती का?" कातडी तुकतुकीत, भुवया कोरलेल्या, आणि हसण्यात वरची खालची दातांची पूर्ण रांग. आत्याचे पुढचे दोन दात नव्हते. कवळी बसव म्हणून दादा पंधरा वर्षं मागे लागला होता आणि ती पंधरा वर्षं नाही म्हणत होती. अ‍ॅपनं चार सेकंदांत बसवली.

वहिनीला ती बाई आवडली. "पण किती छान दिसतायत आई," असं ती दोनदा म्हणाली. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर मोह झाला. मग माझं लक्ष हनुवटीकडे गेलं. हनुवटी कोरी होती.

आत्याच्या हनुवटीवर गोंदण होतं. एकच हिरवा ठिपका. मंचरकडच्या आमच्या गावी ती सात-आठ वर्षांची असताना गोंदणारी आली होती, आणि सुया टोचताना आपण कशा बोंबललो हे ती आम्हाला रंगवून सांगायची. शेवटी ठरलेलं वाक्य असायचं: सोनंनाणं इथंच राहतंय, गोंदण तेवढं बरोबर येतंय. हललेल्या फोटोत तो ठिपका लांबट झाला होता, हिरवट पट्ट्यासारखा, पण होता. अ‍ॅपनं तो डाग समजून पुसला.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला. त्याला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, ते फोटो दुरुस्त करतच नाही. नवीन चेहरा काढतं." मग त्यानं मला शिकवणी दिली, ती मला जेवढी कळली तेवढी सांगते. या प्रोग्रॅमना आधी हजारो स्वच्छ चेहरे दाखवतात. मग तेच चेहरे मुद्दाम बिघडवून, धूसर करून देतात आणि मूळ चेहरा ओळखायला लावतात. असं करत करत चेहरा म्हणजे काय असतं याचा त्यांना अंदाज येतो. पापण्या कशा असतात, ओठाची कड कुठे संपते, हसल्यावर दात कसे दिसतात. पुढे धूसर फोटो आला की त्या अंदाजातून ते रिकाम्या जागा भरतात. या कामासाठी संशोधक बरेचदा वापरतात तो एक संच एनव्हिडिया कंपनीच्या लोकांनी जमवलेला आहे. त्यात ७०,००० चेहरे आहेत, फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावरून घेतलेले. "आता मला सांग," भाचा म्हणाला, "फ्लिकरवर हनुवटीला गोंदण असलेल्या आणि पुढचे दोन दात नसलेल्या किती आज्या असतील?"

आणि हे फक्त आमच्या आत्याच्याच बाबतीत झालं असं नाही. २०२० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या एका प्रोग्रॅमला कुणीतरी बराक ओबामांचा ठोकळे ठोकळे झालेला फोटो दिला, तर आतून एक गोरा गृहस्थ बाहेर आला. जगातला इतका ओळखीचा चेहरा, ठोकळ्यांतूनही कुणीही ओळखेल असा. आपल्याला ओबामा दिसतो कारण आपल्याला ओबामा माहीत आहे. मशीनला फक्त 'माणूस' माहीत होता. त्यामुळे त्याचा राग करण्यातही अर्थ नाही. नव्या सुनेनं पहिल्या दिवशी सगळ्या सासवांना एकाच नजरेनं बघावं, तसं ते बघतं.

दुसरा रस्ता प्रामाणिक आहे, असं भाच्याचं मत. त्यात नवीन काही काढायचं नाही, बिघडलं कसं ते शोधून उलटं गणित करायचं. हबल दुर्बीण १९९० साली आकाशात गेली तेव्हा तिचा मोठा आरसा कडेला सुमारे दोन मायक्रॉननं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुपटीनं, जास्त सपाट घासला गेला होता. चित्रं धूसर. १९९३च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन ती दुरुस्त केली, पण मधली वर्षं खगोलशास्त्रज्ञ नुसत्या गणितानं चित्रं बरीच स्वच्छ करत होते. हे जमलं, कारण तारा म्हणजे एक बिंदू असणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बिंदू कसा पसरलाय ते पाहिलं की बाकीचंही तसंच पसरलंय हे कळतं.

मी आशेनं म्हटलं, मग आत्याची हनुवटी? तिथंही एक बिंदू आहेच की! हिरवा!

भाचा दोन मिनिटं गप्प बसला. मला वाटलं मी काही शोध लावला. मग म्हणाला, आयडिया चांगलीय, पण मान वळते तेव्हा नाक जास्त सरकतं, कान कमी, डोळे मध्येच कुठेतरी. वर ती हसतही होती, म्हणजे गाल वेगळेच चालले होते. सगळ्या चेहऱ्याचं एकच गणित नाही. शिवाय सेकंदाच्या विसाव्या भागात जे एकमेकांवर सांडलं, त्यातलं काही कायमचं गेलं. तरी त्यानं एक रात्र घालवली. नाक बरं झालं, पण कानाभोवती तळ्यात दगड टाकल्यासारख्या लाटा उठल्या.

खरा उपाय फोटो काढतानाच करायचा असतो म्हणे. २०२१ साली गुगलनं पिक्सेल ६ फोनमध्ये एक युक्ती आणली. समोरचा चेहरा हलतोय असा संशय आला की फोन दोन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी फोटो घेतो. मुख्य कॅमेरा सावकाश, दुसरा झटपट. झटपट फोटोला उजेड कमी मिळतो, तो दाणेदार येतो, पण चेहऱ्याच्या कडा त्यात शाबूत असतात. मग त्या कडा पहिल्या फोटोत बसवायच्या. पुढच्या वर्षी जुने फोटो निस्तरायची सोयही आली. पण माझा फोन त्या घराण्यातला नाही आणि साखरपुडा होऊन दीड वर्ष झालं होतं.

तेव्हा मी सरळ शनिवार पेठेतल्या आमच्या फ्रेमवाल्याकडे गेले. काकांचं दुकान तीन बाय आठ फुटांचं. देव, पुढारी आणि गेलेली माणसं एकाच ओळीत टांगलेली. वडिलांच्या वेळी तिथे स्टुडिओ होता, निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं टचिंग करायचे, असं काका सांगतात. लग्न जमवायचे फोटो तर टचिंगशिवाय जातच नसत. त्यामुळे चेहरे बदलण्याचं त्यांना काही नवल नाही. मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला नाही ना? तो लहान होऊन येतो. मूळचा द्या. पाठवायचाच तर डॉक्युमेंट करून पाठवा."

मूळचाच होता. मग म्हणाले, "हनुवटीवरचा डाग काढू?"

"गोंदण आहे."

"मग राहू दे," म्हणाले, आणि लगेच, "साइज काय?"

बारा बाय अठरा, मी म्हटलं. दादानं तसंच सांगितलं होतं.

"कशाला? चार बाय सहा करा."

ही गोष्ट ना अ‍ॅपला सुचली, ना इंजिनिअरला, ना मला. खऱ्या चेहऱ्यावर सरक एक सेंटीमीटरची. चेहरा वीस सेंटीमीटरचा धरला आणि फोटोत तो अडीच सेंटीमीटरचा केला, की सरक उरते सव्वा मिलिमीटर. हातभर अंतरावरून बघताना डोळा तेवढं माफ करतो. काकांनी तिथल्या तिथे एक प्रिंट काढून दिली. आत्या! दात नसलेली, आता काहीतरी बोलेल अशी. हनुवटीवर हिरवं काहीतरी, ज्याला माहीत आहे त्याला ठिपकाच दिसेल. बारा बाय अठराच्या चौकटीत मध्ये तो छोटा फोटो आणि भोवती रुंद मोतिया माउंट. "असंच करतात आता, मोठमोठ्या प्रदर्शनात," काका म्हणाले. पैसे मात्र बारा बाय अठराचे घेतले.

दादाला फ्रेम पसंत पडली. वहिनी अजूनही म्हणते की ती दुसरी बाई जास्त छान होती, आणि तिनं ती स्वतःच्या फोनच्या स्क्रीनवर लावली आहे. घरात म्हणून सध्या दोन आत्या आहेत.

गोष्ट खरं तर इथंच संपायची. पण परवा भाच्यानं माझा फोन हातात घेतला, तोच फोटो उघडला आणि त्यावर बोट दाबून धरलं. फोटो हलला. म्हणजे खरोखरच हलला. माझ्या फोनमध्ये लाइव्ह फोटो चालू होता, आणि हे मला दीड वर्षात माहीत नव्हतं. बटण दाबायच्या आधीचा दीड सेकंद आणि नंतरचा दीड, सगळं आत साठवलेलं. "मावशी, हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस? यातली दुसरी फ्रेम निवडता येते!" मी सांगितलं नाही कारण मला ते ठाऊक नव्हतं, आणि त्यानं विचारलं नाही कारण हे कुणाला ठाऊक नसेल असं त्याला वाटलं नाही.

शेवटच्या अर्ध्या सेकंदात आत्याचा चेहरा लख्ख आहे. मान वळून झालीय, सरळ माझ्याकडे बघतेय, गोंदणाचा ठिपका गोल. तोंड सताड उघडं आणि त्यात अर्धी जिलबी. ती फ्रेम मी ग्रुपवर टाकली. तीन जणांनी हसण्याचे चेहरे पाठवले, काकूनं 'आमच्या माई' असं लिहिलं, आणि दादानं लगेच खुलासा केला की भिंतीवरचा बदलायचा नाही.

फक्त फ्रेम टाकली मी, क्लिप नाही. क्लिपमध्ये आवाज आहे. वाढपी कुठेच नाही, मठ्ठ्याचं नावसुद्धा नाही. ताटं वाजतायत, मागे कुणीतरी खोकतंय, आणि बटण दाबायच्या ऐन वेळी एक बाई ओरडते, "माईआत्या, अगं इकडे बघ ना!"

आवाज माझा आहे.